घरातला हाली आणि सगळ्यांची नोंदवही

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या भालकीतल्या जुन्या घरांत दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला ताम्हनात चार-दोन जुने रुपये ठेवतात. त्यातले काही कलदार असतात, राणीचे किंवा राजाचे तोंड असलेले. बाकीचे चारमिनारचे, म्हणजे हाली. पूजा झाली की ते पुन्हा कापडाच्या पुरचुंडीत जातात आणि वर्षभर कोणी त्यांच्याकडे बघत नाही. मी नाणी जमवतो हे कळल्यापासून पुरचुंडी घेऊन येणारी मंडळी वाढली आहेत. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो, "याचे किती येतील?" प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लागते : हे नेमके काय आहे? आणि ते उत्तर आज जगभरच्या संग्राहकांनी मिळून लिहिलेल्या एका नोंदवहीत शोधावे लागते. ती वही चालते कशी, तिची किंमत कशी करायची आणि तिच्यात आपल्या गावाने काय लिहायचे, हा आजचा विषय आहे.

प्रथम हालीबद्दल थोडे, कारण नव्या पिढीला हा शब्दच परका झाला आहे. 'हाली' म्हणजे चालू, सध्याचा. निजामाच्या राज्याचे चालू चलन ते हाली सिक्का. इंग्रजी मुलखातला यंत्रावर पाडलेला रुपया तो कलदार. आपला तालुका दोन्हींच्या सीमेवरच्या व्यवहारात वावरला. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होता. हा आकडा हवेतून आला नव्हता. हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी ८१.८ टक्के; म्हणजे शुद्ध चांदी साधारण ९.१४ ग्रॅम. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे साधारण १०.६९ ग्रॅम. आता भागून पाहा. सहाला सातने भागल्यावर जो अपूर्णांक येतो, जवळजवळ तोच इथे येतो. सोनाराचा तराजू आणि सराफ्याचा दर एकमेकांशी खरे बोलत होते.

१९४८ साली संस्थान भारतात सामील झाले. त्यानंतरही हाली काही वर्षे कलदाराच्या जोडीने चालला आणि मग कायमचा बंद झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. आपल्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले. भालकी, हुमनाबाद, बिदर इकडे राहिले. नाणे गेले, राज्य गेले, जिल्ह्याची हद्द बदलली. उरली ती पुरचुंडी. निजामाच्या नोटांवर उर्दूच्या जोडीला मराठी, कन्नड आणि तेलुगूतही रक्कम छापलेली असे. एका कागदाच्या तुकड्यावर आपल्या शेजारपाजारच्या सगळ्या भाषा नांदत होत्या.

आता या सगळ्याची माहिती कुठे मिळते? पूर्वी ती मोजक्या ग्रंथांत होती. मराठ्यांच्या नाण्यांसाठी के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा १९८९ चा ग्रंथ, जो नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेने काढला. सुलतानांच्या नाण्यांसाठी, त्यात आपले बहामनीही आले, स्टॅन गोरॉन आणि जे. पी. गोयंका यांचा २००१ चा ग्रंथ. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही जाडजूड, आणि तालुक्याच्या वाचनालयात सहसा न सापडणारे. शिवाय छापील ग्रंथाची एक अडचण असते. नवा प्रकार सापडला तर तो पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबतो, आणि पुढची आवृत्ती निघेलच असे नाही.

ही अडचण संग्राहकांनीच सोडवली. २००७ साली युरोपात 'न्युमिस्टा' नावाची नाण्यांची सामाईक सूची इंटरनेटवर सुरू झाली. जगातल्या कुठल्याही देशाचे नाणे तिथे शोधता येते. दुसरी 'झेनो', व्लादिमीर बेल्याएव यांच्या देखरेखीखाली चालणारी, खास पौर्वात्य नाण्यांची. आपल्याजवळच्या दोन टांकसाळी, गुलबर्ग्याची 'अहसनाबाद' आणि बिदरची 'मुहम्मदाबाद', यांची बहामनी नाणी तिथे छायाचित्रांसह पाहायला मिळतात. या दोन्ही जागी लिहिणारे लोक बहुतांशी हौशी आहेत. कोणी शिक्षक, कोणी अभियंता, कोणी दुकानदार. त्यांनी स्वतःचे नाणे तोलले, मोजले, फोटो काढला आणि नोंद केली. एकेक मूठ धान्य टाकून कणगी भरावी तशी ही वही भरली.

पण मंडळी, दहा हातांनी भरलेल्या कणगीत खडेही येतात. म्हणून सांभाळणे हे भरण्याइतकेच मोठे काम आहे. गणपतीची वर्गणी गोळा करणारे पन्नास असतात. हिशेब लिहिणारा एक असतो, आणि त्याला झोप कमी मिळते, हे इथल्या खजिनदारांना मी सांगायला नको.

न्युमिस्टावर कोणीही सभासद बदल सुचवू शकतो, पण तो परस्पर छापला जात नाही. प्रत्येक विभागाला पंच नेमलेले आहेत. सुचवणाऱ्याने आधार द्यायचा, पंचाने तपासायचा, मग तो स्वीकारायचा किंवा परत पाठवायचा. हे पंचही बिनपगारी. हालीच्याच उदाहरणावरून त्यांचे काम किती नाजूक असते ते पाहू.

चारमिनारच्या रुपयावर मधल्या कमानीत एक अक्षर आहे. मीर महबूब अली खान यांच्या काळात तिथे 'मीम' असे, महबूबमधला. १९११ साली मीर उस्मान अली खान गादीवर आले आणि तिथे 'ऐन' आला, उस्मानमधला. पण सुरुवातीच्या नाण्यांवर हा ऐन अर्धवट आहे आणि नंतरच्यांवर पूर्ण. पाहणाऱ्याला फरक नखाएवढाही वाटत नाही. सूचीत मात्र हे दोन वेगळे प्रकार आहेत. फोटो अंधुक असेल तर पंच काय ठरवणार?

दुसरी अडचण सनाची. नाण्यावर हिजरी सन असते. आपल्या घरातल्या जमिनीच्या कागदांवर फसली सन असते. १३३७ हा आकडा नाण्यावर असेल तर तो १९१८-१९. तोच फसली कागदावर असेल तर १९२७-२८. नऊ वर्षांचा फरक! शिवाय हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचे. एक ठरावीक आकडा मिळवून इसवी सन काढता येत नाही, कोष्टकच पाहावे लागते. त्यातून आकडे उर्दू. उर्दूतला नऊ आपल्याला देवनागरी एकासारखा दिसतो. सात आणि आठ ही एकमेकांची उलटी रूपे, म्हणून नाणे उलटे धरले की साताचे आठ होतात. परदेशात बसलेला एखादा हौशी माणूस इथे चुकला तर नवल नाही. आणि चुकीची नोंद एकदा बसली की तिच्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा उतरवत जातो.

सनाने पैशांतही फरक पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत निजामाने रुपयातली चांदी निम्म्यावर, ५० टक्क्यांवर आणली. चारमिनार तोच, वजन तेच. पण शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅमऐवजी साधारण ५.६ ग्रॅम. सन न वाचता पुरचुंडी तराजूत टाकली तर देणारा किंवा घेणारा, दोघांपैकी एकजण ठकतो. नोंदवहीतली एक ओळ त्या दोघांत न्याय करते.

म्हणून चांगल्या नोंदीच्या अपेक्षा साध्या आहेत. नाण्याच्या दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो. वजन, ग्रॅमच्या शतांशापर्यंत. व्यास. कडेवर रेघा आहेत की साधी, तेही. जे वाचता आले ते लिहायचे. जे वाचता आले नाही तिथे अंदाज न ठोकता जागा मोकळी सोडायची. नाणे घासून चकचकीत करायचे नाही, त्याने किंमत जाते आणि पुरावाही जातो. आणि नकली नाण्याची नोंद पुसून टाकायची नाही, 'नकली' अशी खूण करून ठेवायची. शिवराईच्या नकला आज राजरोस विकल्या जातात. नकलेचा फोटो समोर असला तरच अस्सल ओळखता येते.

आता किंमत. इथे दोन किमती आहेत, नाण्याची आणि वहीची.

नाण्याच्या किमतीबाबत एक सावधगिरी. न्युमिस्टावर प्रत्येक नाण्यापुढे दुर्मिळतेचा एक अंक दिसतो, शून्य ते शंभर. पुष्कळ लोक तो पाहून हरखतात. पण हा अंक निघतो सभासदांनी आपापल्या संग्रहात काय नोंदवले आहे त्यावरून. शिवराई पाहा. शिवाजी महाराजांच्या नावाचे हे तांब्याचे नाणे पुढच्या काळातही पाडले गेले, इंग्रजी अमलातही खेड्यापाड्यांत चालले, आणि महाराष्ट्रात ढिगांनी सापडते. पण ती ज्या घरांत आहे ती घरे बहुधा त्या सूचीची सभासद नाहीत. मग आपल्या बाजारात सहज मिळणारी शिवराई सूचीत दुर्मिळ दिसते, आणि युरोपातले एखादे खरेच कमी पाडलेले नाणे संग्राहकांच्या कपाटांत भरपूर असल्यामुळे सामान्य दिसते. तो अंक कपाटांची मोजणी सांगतो. जमिनीवर काय आहे ते आपल्याला ठाऊक असते.

तीच गोष्ट भावाची. जाहिरातीत लिहिलेला भाव हा विकणाऱ्याच्या मनातला भाव. लिलावात प्रत्यक्ष किती मोजले गेले, तो खरा. 'पाच रुपयांची जुनी नोट द्या आणि लाखो मिळवा' असे निरोप आपल्या सगळ्यांच्या फोनवर येतात. आधी नोंदणीची फी मागतात, मग कर, मग फोन बंद. अशा टोळ्या रिझर्व्ह बँकेचे नावही वापरू लागल्या, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर करावे लागले की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क आपण मागत नाही. घरातल्या एखाद्या मुलीला सूचीत नाणे शोधून दोन मिनिटांत खरी स्थिती पाहता आली, तर तेवढ्यानेही एखाद्या म्हाताऱ्या माणसाची पुंजी वाचेल. माझ्या मते या वहीची ही पहिली मोठी किंमत.

कधी किंमत नाण्याच्या धातूत नसते, त्याच्या प्रवासात असते. मे १९२२ मध्ये 'इजिप्त' नावाचे जहाज इंग्लंडहून हिंदुस्थानाकडे येताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्यात सोन्याचांदीबरोबर निजाम सरकारसाठी छापलेल्या नोटाही होत्या. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी खजिना वर काढला, त्याबरोबर त्या नोटाही वर आल्या. आज संग्राहक त्या मोठ्या आवडीने घेतात, कारण त्या कुठून आल्या याची नोंद आहे. नोंद नसती तर ते भिजलेले कागद ठरले असते.

आता वहीची किंमत. तिच्यासाठी नाण्यांपासून थोडे दूर, संगीताच्या क्षेत्रातली एक हकिकत सांगतो, कारण तिच्यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. १९९३ साली अमेरिकेत टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी 'सीडीडीबी' नावाची सूची सुरू केली. संगणकात गाण्यांची तबकडी घातली की गाण्यांची नावे दिसावीत, एवढाच हेतू. नावे कोण भरणार? ऐकणारेच. जगभरच्या हजारो लोकांनी आपल्या घरच्या तबकड्यांवरची नावे टंकून फुकट पाठवली. सूची फुगत गेली. १९९८ साली ती एका कंपनीला विकली गेली, पुढे तिचे नाव 'ग्रेसनोट' झाले, वापरावर अटी आल्या. २००८ साली सोनी कंपनीने ग्रेसनोट विकत घेतली, सुमारे २६ कोटी डॉलरना. ज्यांनी नावे टंकली होती त्यांच्या हातात काय आले? काही नाही. कायद्याने त्यात वावगे काही नसेलही. पण गावाने वर्गणी काढून बांधलेल्या विहिरीला एक दिवस कुलूप लागावे, तसे त्या लोकांना वाटले.

त्यातल्या काहींनी पुन्हा सुरुवात केली. 'म्युझिकब्रेन्झ' ही सूची त्यातून उभी राहिली. २००४ पासून तिच्यामागे ना-नफा संस्था आहे, आणि तिची मूळ माहिती कोणालाही मोफत उतरवून घेता येते. उद्या संस्था बंद पडली तरी माहिती बुडणार नाही, कारण तिच्या प्रती अनेकांकडे आहेत. दोन्ही सूच्या लोकांनीच भरल्या. फरक पडला तो सुरुवातीला घातलेल्या अटींमुळे.

म्हणून कुठल्याही सामाईक सूचीत लिहिण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्या फोटोवर आणि लिखाणावर हक्क कोणाचा राहणार? मला माझी सगळी माहिती एकगठ्ठा परत काढून घेता येते का? खर्च कोण करतो आणि हिशेब दिसतो का? आपल्या मंडळाचा जमाखर्च दरवर्षी या स्मरणिकेच्या शेवटी छापतात, आणि जुने सभासद ते पान आधी उघडतात. त्यात अविश्वास नाही. तो विश्वास टिकवण्याचा रिवाज आहे. सामाईक सूचीलाही तोच रिवाज लागू आहे. आणि उत्तरे समाधानकारक असली तरी आपली एक वही आपल्या घरी ठेवावी.

आता आपल्या गावाकडे येतो. पुण्या-मुंबईच्या किंवा लंडनच्या संग्राहकाकडे आपल्यापेक्षा चांगली नाणी असतील. पण त्याने ती बाजारातून घेतली आहेत. ती कुठून आली हे त्याला कळायला मार्ग नाही. आपल्या पुरचुंडीतले नाणे कोणत्या घरात, कोणत्या गावात, किती पिढ्या आहे हे आपल्याला ठाऊक आहे. कोणते रुपये हुंड्यात आले, कोणते हळद-तूर विकून आले, कोणत्या आठवडी बाजारात कलदार चालत होता आणि कुठे फक्त हाली, ही माहिती एकाही ग्रंथात नाही. 'ढब्बू', 'कलदार', 'हाली' हे शब्द आजीच्या तोंडून जसे येत तसे टिपून ठेवले पाहिजेत. आणि शेजारी उर्दू वाचणारे वडीलधारे आहेत, जे कमानीतला ऐन एका नजरेत ओळखतात. मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही जाणणारी माणसे एका गल्लीत मिळणे, ही श्रीमंती सूचीच्या पंचांना दिवा घेऊन शोधूनही मिळत नाही.

ही माणसे कायम राहणार नाहीत. ज्यांनी स्वतःच्या हाताने हालीत व्यवहार केला, ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. नाणे आणखी पाचशे वर्षे टिकेल. त्याची हकिकत मात्र पुढच्या दहा वर्षांत उतरवली नाही तर गेली.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवतो. प्रत्येक घराने एक दोनशे पानी वही घ्यावी. एका पानावर एक नाणे : फोटो, वजन, व्यास, सन जसे दिसते तसे, आणि खाली घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकिकत, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह. पाठ्यपुस्तकी भाषेत नको, बोलल्या तशा शब्दांत. महिन्यातून एका रविवारी चार जाणकारांनी बसून वह्या तपासाव्यात, त्यात उर्दू वाचणारे एक तरी असावेत. मुलांनी त्यातले पक्के ठरलेले तेवढेच सूचीत घालावे.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळायची. सूचीत गाव लिहायचे. घर, गल्ली, कपाट लिहायचे नाही. वह्यांसाठी नाणी घेऊन यायची गरज नाही, फोटो पुरे. शेतात किंवा जुनी भिंत पाडताना काही सापडले तर ते घरच्या पुरचुंडीत जात नाही. कर्नाटकात त्यासाठी १९६२ चा कायदा आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ते परदेशी पाठवता येत नाही, मग अमेरिकेतला भाचा कितीही आग्रह करो.

कोणी विचारेल, यातून मिळणार काय? पैसे मिळणार नाहीत, हे आधीच सांगतो. पण उद्या जगाच्या कुठल्याही टोकाला कोणी हाली रुपया हातात घेऊन त्याची नोंद उघडेल, तर तिथे 'हैदराबाद संस्थान' या दोन शब्दांखाली आणखी एक ओळ असेल : बिदर जिल्ह्यात, भालकी परिसरात, हा रुपया सात हालीस सहा कलदार या दराने चालत होता आणि लक्ष्मीपूजनात ठेवला जात होता. ही ओळ आपल्याशिवाय दुसरे कोणी लिहू शकत नाही, आणि तपासून लिहिली तर ती खोडण्याचे कारण कोणाला पडणार नाही.

अनंत चतुर्दशीला बाप्पांना निरोप देऊन आलो की आरतीची ताटे धुऊन ठेवताना ती पुरचुंडी एकदा उघडा. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला शेजारी बसवा, आणि सर्वांत लहान मुलाच्या हातात पेन द्या. पहिले पान त्याच रात्री भरेल.

 गणपती बाप्पा मोरया!